मिठी का सुटली नाही: सूस रस्त्यावरच्या एका बेडकीचं प्रकरण

शनिवारी रात्री सव्वाअकराला फोन वाजला. "सर, एक बेडकी गाडीखाली आलीय. पाठीवर नर आहे. तो सोडतच नाहीये तिला."

फोन माझ्या जुन्या विद्यार्थिनीचा. बीएस्सीला तिने प्राणिशास्त्र घेतलं, पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेली, पण पहिला पाऊस पडला की तिच्यातली प्राणिशास्त्राची मुलगी जागी होते. मृगाचा पहिला दणका बसून दोन-तीन तास झाले होते. पाषाणहून सूसकडे जाताना रस्त्याला लागून एक मोकळा प्लॉट आहे, तिथे गुडघाभर पाणी साचलं होतं आणि बुलफ्रॉगची जत्रा भरली होती. नर पिवळेधमक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे. एरवी शेवाळी रंगाचा हा प्राणी या दोन-चार दिवसांत हळद लागल्यासारखा दिसतो. मादी मात्र रंग बदलत नाही. ती नराहून मोठी असते, आणि अंड्यांनी फुगली की आणखीच मोठी दिसते. अशीच एक मादी नराला पाठीवर घेऊन रस्ता ओलांडत होती आणि एका दुचाकीचं चाक तिच्या कंबरेवरून घासत गेलं. नराला खरचटलंही नव्हतं.

"अगं, ओढून काढू नकोस त्याला," मी म्हटलं. "दोघांना तसंच उचल. ओल्या फडक्यात घे, आणि बादलीत नळाचं पाणी घालू नकोस."

वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर तिने आधीच कळवलं होतं. सकाळी बचाव केंद्रात आणून द्या, रात्रभर ओलं आणि अंधारात ठेवा, असं तिकडून सांगितलं गेलं. बुलफ्रॉग हा संरक्षित प्राणी आहे, तो हौसेने घरी ठेवता येत नाही. तेव्हा रंगाच्या रिकाम्या बादलीतून ही जोडी माझ्या घरी आली ती एका रात्रीची पाहुणी म्हणून. गच्चीवर साठवलेलं पावसाचं पाणी होतं, ते नातवाच्या आंघोळीच्या टबात चार बोटं ओतलं आणि दोघांना त्यात सोडलं.

पुढच्या छत्तीस तासांत जे दिसलं ते इथे मांडतो आहे. बेडकाच्या प्रजननाचं किती काम मज्जातंतू करतात आणि किती रक्तातून वाहणारी संप्रेरकं करतात, हे मी तीस वर्षं फळ्यावर बाणांच्या आकृत्या काढून शिकवलं. या एका मादीत ती दोन्ही कामं जणू सुरीने वेगळी केल्यासारखी दिसली.

टबातली तपासणी

मादीचे पुढचे पाय शाबूत होते. टबाच्या तळावर ते रोवून ती छाती उचलत होती, डोळ्यांजवळ बोट नेलं की पापणी मिटत होती, घशाची धडधड नेहमीसारखी चालू होती. मागचे पाय मात्र पाण्यात फडक्यासारखे पसरले होते. बसलेल्या बेडकाच्या पाठीला जो कोनासारखा उंचवटा दिसतो, नेमका तिथे सुजलेला काळपट पट्टा होता.

मी चिमट्याने मागच्या पायाचं बोट दाबलं. काही नाही. दुसऱ्या पायाचं दाबलं. तिथेही काही नाही.

ही साधी चाचणी पुष्कळ सांगते. मज्जारज्जू वरच्या बाजूला तुटला असता, म्हणजे मानेजवळ किंवा पाठीच्या मध्यावर, तर पाय तिच्या मर्जीने हलले नसते, पण चिमटा काढल्यावर आखडले नक्की असते. बेडकाचा पाय मागे घ्यायला मेंदू लागत नाही. आमच्या पिढीने कॉलेजात हे स्वतःच्या हातांनी केलं आहे: मेंदू नष्ट केलेला बेडूक स्टँडला टांगायचा, सौम्य आम्लात बुडवलेला कागदाचा चौकोन त्याच्या कातडीवर चिकटवायचा, की बिनमेंदूचा तो बेडूक पाय उचलून कागद पुसून टाकतो. (यूजीसीच्या २०११ आणि २०१४ च्या सूचनांनंतर ही प्रात्यक्षिकं गेली, आणि गेली ते बरंच झालं. पण ज्यांनी तो पाय उचललेला पाहिला त्यांना प्रतिक्षिप्त क्रिया पुन्हा समजावून सांगावी लागली नाही.) इथे आखडणंच नव्हतं. म्हणजे पायाकडे जाणारी वाटच खालच्या टोकाला चिरडली होती. बेडकाला मणके नऊच. त्यांच्या मागे युरोस्टाइल नावाचं एक लांब हाड. मज्जारज्जू बराच आधी निमुळता होतो आणि शेवटच्या मज्जातंतूंची मुळं घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी त्या हाडाकडे उतरत जातात. सातव्या ते दहाव्या जोडीचे हे तंतू मागच्या पायांना जातात. मूत्राशय, अवस्कर आणि अंडवाहिनीचं शेवटचं टोक यांच्याकडे जाणारे धागेही याच भागातून निघतात. अवस्कर म्हणजे विष्ठा, मूत्र आणि अंडी तिन्ही जिथून बाहेर पडतात ते एकच दार.

मी त्या दाराशी ओला कापूस लावून पाहिला. धडधाकट बेडूक ते चटकन आवळून घेतो. हिचं दार सैल होतं, ओठ सुटल्यासारखं.

पुढचे पाय चांगले, मागचे गेलेले, दार सैल. मधल्या चौथ्या ते सहाव्या जोडीचे तंतू पोटाच्या भिंतीचे स्नायू सांभाळतात आणि ते चालू होते, कारण अधूनमधून तिचं पोट आवळलं जाताना दिसत होतं.

मग मी पाहिलं नराकडे. त्याच्याकडे पाहण्यासारखं खरं तर काहीच नव्हतं, आणि तीच गंमत. सव्वाअकरापासून त्याच्या अंगालगत चाक गेलं, फडकं गुंडाळलं गेलं, बादली हिंदकळली, गाडीतून चार किलोमीटर प्रवास झाला, ट्यूबलाइट लागली. त्याचे पुढचे दोन्ही पाय मादीच्या काखेखाली तसेच रुतलेले. विणीच्या काळात नराच्या अंगठ्यांवर खरखरीत गाद्या येतात, त्या तिच्या छातीच्या कातडीत रुतून खळगे पडले होते.

नराची मिठी कोण धरून ठेवतं

या मिठीने माणसाला फार पूर्वीपासून छळलं आहे. इटलीतल्या लाझारो स्पालांझानीने अठराव्या शतकात मिठीतल्या नरांचे पाय कापून पाहिले, नर सोडेनात. याच स्पालांझानीने नर बेडकांना मेणकापडाच्या चड्ड्या शिवून घातल्या आणि त्या घातलेल्या नरांच्या जोडीदारणींची अंडी फळत नाहीत हे दाखवलं. बेडकाला चड्डी घालायची ही युक्ती त्याच्याही आधी फ्रान्सच्या रेओम्यूरने करून पाहिली होती. पुढे १८६९ मध्ये फ्रीडरिश गोल्त्झने आणखी कठोर प्रयोग केला: नराचं डोकं काढलं, मागचं धड काढलं, कवटी ते चौथा मणका एवढाच तुकडा आणि त्याला लागलेले दोन पुढचे पाय शिल्लक ठेवले. त्या तुकड्याच्या छातीला स्पर्श केला की पाय आवळत होते.

म्हणजे मिठी ही मज्जारज्जूच्या वरच्या भागाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. मेंदूचं काम उलटं, तिला आवरून धरायचं. वर्षातले अकरा महिने मेंदू लगाम खेचून असतो. पावसाळ्यात वृषणांतून येणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं, पुढच्या पायांचे स्नायू जाड होतात, गाद्या उगवतात, आणि लगाम ढिला पडतो. नराचं खच्चीकरण केलं की मिठी मंदावते, टेस्टोस्टेरॉन दिलं की परतते. संप्रेरक बाहेरून येऊन मज्जारज्जूतल्या तयार वायरिंगला जागं करतं, एवढाच त्यांच्यातला संबंध. आमच्या नराचं वायरिंग उत्तम चाललं होतं. प्रश्न एवढाच होता की ते थांबत का नव्हतं.

मी रात्री दीडला दिवा घालवून झोपायला गेलो. विद्यार्थिनी टबाशेजारी खुर्ची टाकून बसली. "सर, घाबरून सोडायला हवं ना त्याने?" तिने विचारलं. प्रश्न बरोबर होता. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खरखरीत कातडीच्या न्यूटमध्ये, म्हणजे बेडकाच्या शेपटीवाल्या नातलगात, ताणाचं संप्रेरक कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं की मिठी मारण्याची इच्छा काही मिनिटांत मावळते. १९९१ मध्ये तर ते संप्रेरक चेतापेशींच्या पडद्यावरच बसतं हेही दाखवलं गेलं. पण न्यूट म्हणजे बुलफ्रॉग नव्हे. आणि एकदा पकडलेल्या मिठीची गोष्ट वेगळी, मिठी मारायला निघण्याची वेगळी. तिला मी एवढंच म्हटलं, "आपण नराकडे बघत बसलोय. कारण बहुधा खाली आहे."

पहाटेची अंडी

पाच वाजता तिने मला हलवून उठवलं. टबात अंडी होती.

बुलफ्रॉगची मादी अंडी घालते तो प्रकार पाहण्यासारखा असतो. मादी कंबर वाकवून मागचा भाग वर करते, पोट जोरात आवळते, आणि एका झटक्यात अंड्यांचा झोत बाहेर येतो. पाठीवरच्या नराला तिच्या पोटाची हालचाल हातांना आणि पोटाला जाणवते आणि त्याच क्षणी तो शुक्राणू सोडतो. पाण्यात पडलेले शुक्राणू फार वेळ टिकत नाहीत, मिनिटांत मंदावतात, आणि अंड्याभोवतीचा जेलीचा थर पाणी पिऊन फुगला की आत शिरणंही कठीण होतं. म्हणून ताल जमला पाहिजे. झोत, विश्रांती, पुन्हा झोत, असं तासभर चालतं आणि हजारोंनी अंडी पाण्यावर पसरतात.

(आपल्याच सह्याद्रीत याला एक देखणा अपवाद आहे. हुमायून रात्रबेडकाचा नर मादीला मिठी मारतच नाही; तिच्या पाठीवर रेलून, हात पानावर किंवा फांदीवर टेकवून बसतो, शुक्राणू तिच्या पाठीवर सोडतो आणि तिने अंडी घालायच्या आत निघून जातो. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. तिथे एकाच क्षणी दोघांचा ताल जुळण्याची गरज नाही.)

आमच्या टबात झोत नव्हता. अंडी एकेक-दोनदोन अशी गळत होती, नळ नीट बंद न केल्यासारखी. कंबर वाकत नव्हती, ती वाकवणारे स्नायूच बंद होते. पोट आवळलं जाई, क्षणभर काही होत नसे, मग दोन अंडी कशीबशी बाहेर घरंगळत. नर तिच्या प्रत्येक आवळण्याला किंचित हालचाल करी आणि मग काहीच न मिळाल्यासारखा स्थिर होई. सात वाजेपर्यंत आम्ही मोजली तेव्हा अंडी दोनशेही भरली नव्हती. पोट होतं तेवढंच फुगलेलं.

इथे मी एक गोष्ट केली. नराला हात लावला की तो पाणी सोडतो, सगळेच बेडूक सोडतात. ते काचपट्टीवर घेऊन माझ्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. ४० च्या भिंगाखाली बारीक सुतासारखे शुक्राणू वळवळत होते. गर्भधारणेची चाचणी म्हणून १९४७ मध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस गाली मायनिनीने नेमका हाच गुण वापरला होता: बाईचं मूत्र नर भेकाला टोचायचं, दोन-चार तासांनी भेकाच्या मूत्रात शुक्राणू दिसले तर बाईला दिवस गेले आहेत. त्याआधी लॅन्सलॉट हॉगबेनची चाचणी झेनोपस नावाच्या आफ्रिकी बेडकाच्या मादीवर चालायची, ती अंडी घालायची. दोन्हींत संप्रेरक रक्तातून थेट वृषणाला किंवा अंडाशयाला जाऊन भिडतं. मज्जातंतूंना कोणी विचारत नाही.

तर नराजवळ शुक्राणू होते. मादीजवळ अंडी होती, बाहेर आलेली तर दिसतच होती. हरवला होता तो ताल. गळालेल्या अंड्यांपैकी फार थोडी काळी बाजू वर करून वळली, बाकीची जशी पडली तशी राहिली. फळलेलं अंडं जेलीच्या आत मोकळं होऊन तासाभरात काळा भाग वर आणतं. न फळलेलं कसंही पडून राहतं. त्या शे-दीडशेतली सव्वीस वळली होती.

बचाव केंद्रात

रविवारी दहाला आम्ही जोडी केंद्रात दिली. डॉक्टरांनी नराला सोडवलं, तेही सहज नाही. त्याच्या मनगटाखाली अंगठा सरकवून एकेक पाय उलगडावा लागला. त्यांनी त्याला काखेतून धरलं आणि इतका वेळ मुका असलेला नर एकदम "टुक टुक टुक" करू लागला, अंग थरथरत. हा सोडवणुकीचा आवाज. एका नराने चुकून दुसऱ्या नराला धरलं की धरला गेलेला हाच आवाज करतो आणि पहिला मुकाट सोडून देतो. मादी अंडी घालून रिकामी झाली की तीही हा आवाज करते. अंड्यांनी भरलेली मादी मात्र गप्प राहते.

डॉक्टरांच्या टेबलाजवळ उभा असताना माझ्या डोक्यात तो आवाज अडकला. रात्रभर, पहाटे, गाडीत, मादीने एकदाही आवाज केला नव्हता.

तिची पाठ एक्स-रेत मोडलेली दिसली, उंचवट्यापाशीच. दुपारी डॉक्टरांनी हलक्या हाताने पोट दाबलं तेव्हा भळकन पाणी आलं, आणि त्याच्यामागून अंड्यांचा गोळा. मूत्राशय ताणून भरलेलं होतं. संध्याकाळी ती गेली.

शवविच्छेदन त्यांचं त्यांनी केलं, मला बाजूला उभं राहू दिलं. जे पाहिलं त्यातले तीन भाग मी अजून विसरलो नाही.

अंडाशय रिकामे होते. रिकामे म्हणजे पिकलेली काळी-पांढरी अंडी त्यात नव्हती. फक्त पुढच्या वर्षाची बारीक पांढुरकी दाणेदार पिल्लावळ पडद्यात शिल्लक होती. त्याअर्थी अंडी सुटण्याचं काम पुरं झालं होतं. हे काम रक्ताचं आहे. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधले चेतातंतू तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत एक छोटं पेप्टाइड सोडतात, ते पीयूषिकेला (पिट्युटरी ग्रंथीला) पोचतं, पीयूषिकेचं संप्रेरक रक्ताने अंडाशयापर्यंत जातं. बेडकाच्या अंडाशयाचा तुकडा काढून काचेच्या ताटलीत पीयूषिकेच्या अर्कात ठेवला तरी तो अंडी सोडतो. ताटलीत कुठले आलेत मज्जातंतू? अंडाशयाच्या भिंतीतल्या स्नायूंना अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जातंतू पोचतात, रक्तवाहिन्याही ते आवळतात-सैलावतात, म्हणजे घाई किंवा दिरंगाई ते करू शकतात. कामाला मात्र ते अडवत नाहीत. या मादीच्या मेंदूला काही झालं नव्हतं, पीयूषिका जागेवर होती, हृदय चालू होतं. सगळं वेळेवर झालं.

अंडवाहिनीचा वरचा, नागमोडी भागही रिकामा. पोटात सुटलेली अंडी हृदयाजवळच्या तोंडापर्यंत ढकलायची आणि मग नळीतून खाली न्यायची, हे बरंचसं काम अस्तरावरच्या सूक्ष्म केसांचं, पक्ष्माभिकांचं. त्या कोणाच्या हुकमाशिवाय वल्हवत असतात. कॉलेजात आम्ही मेलेल्या बेडकाच्या टाळूवर भाताच्या तुसाचा कण ठेवत असू आणि तो आपोआप घशाकडे सरकताना पाहत असू. त्याच जातीचं काम. वाटेत अंड्यांना जेलीचे थर चढले होते, चांगले जाड. इथवर प्रवास बिनबोभाट झाला होता.

आणि तिसरा भाग, अंडवाहिनीची शेवटची पातळ पिशवी. दोन्ही बाजूंच्या पिशव्या एकमेकींना भिडेपर्यंत ताणलेल्या, आत साबुदाण्याची खिचडी दाबून भरावी तशी अंडी. डॉक्टरांनी पिशवीला टाचणी लावली तेव्हा अंडी आपसूक उसळून बाहेर आली.

एवढंच अडलं होतं. कारखाना चालला, मालाची वाहतूक झाली, माल गोदामात येऊन पडला. गोदामाचं दार उघडायला माणूस नव्हता.

पण खरंच मज्जातंतूंमुळेच?

प्राणिशास्त्राच्या सवयीने मी स्वतःवरच तीन आक्षेप घेतले.

पहिला, ताण. घाबरलेला, कोरडा पडलेला कोणताही प्राणी अंडी धरून ठेवतो. खरं आहे. पण ताणाने अंडी अडली असती तर अवस्कर घट्ट मिटलेलं सापडलं असतं. हिचं सैल होतं आणि मूत्राशयसुद्धा तुंबलेलं होतं. बेडकाच्या मूत्राशयाला आवळायला लावणारे तंतू नवव्या-दहाव्या जोडीतून येतात. अंडी आणि मूत्र एकाच वेळी, एकाच दाराशी अडलं असेल तर पहिला संशय त्या दाराच्या वायरिंगवर घ्यावा.

दुसरा, पीयूषिकेच्या मागच्या भागातून येणारं व्हॅसोटोसिन. आपल्या ऑक्सिटोसिनच्या नात्यातला बेडकातला रेणू. ते रक्ताने येतं आणि अंडवाहिनीचे स्नायू थेट आवळतं, त्याला खालच्या मज्जातंतूंची गरज नाही. मग पिशवी आवळली का नाही? माझं मत: आवळली, निदान थोडी. पहाटे एकेक-दोनदोन गळालेली अंडी त्याचीच, आणि चांगल्या असलेल्या पोटाच्या भिंतीची. रक्तातून आलेला हुकूम पिशवीला पोचत होता. पण कंबर वाकवणं, दार योग्य क्षणी मोकळं करणं, वर चढलेल्या मूत्राशयाला बाजूला सारणं, आणि हे सगळं एका झटक्यात करणं, हे रक्ताला जमत नाही. रक्त घागरीने पाणी घालतं, पिचकारी मारायला मज्जातंतू लागतात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात आवडतो, कारण तो माझ्या आधीच्या वाक्यांना थोडा खोटं पाडतो. संप्रेरक वेगळं आणि मज्जातंतू वेगळे, ही विभागणीच कच्ची आहे. हायपोथॅलॅमसमधून पीयूषिकेकडे जाणारं ते पेप्टाइड १९७१ मध्ये सस्तन प्राण्यात ओळखलं गेलं, तेव्हा ते निव्वळ मेंदू-पीयूषिका टपाल समजलं जात होतं. १९७९ मध्ये यूह नुंग जान, लिली जान आणि स्टीफन कफलर यांना त्याच्याचसारखं पेप्टाइड अमेरिकन बुलफ्रॉगच्या अनुकंपी गंडिकांत, म्हणजे कण्याशेजारच्या चेतापेशींच्या गाठींत, सापडलं, तेही चेतातंतू एकमेकांशी बोलण्यासाठी वापरतात असं. कुठल्या गंडिका? नववी आणि दहावी. आमच्या बेडकीचं चाक जिथून गेलं त्याच पातळीच्या. अंडाशयाला जागं करणाऱ्या रेणूचा भाऊबंद पाठीच्या खालच्या गंडिकांमध्ये निरोप्याचं काम करतो, हे वाचल्यापासून मी फळ्यावर बाण काढताना दोन रंगांचे खडू वापरायचं सोडलं.

तरीही या एका मादीत दोन कामं वेगळी दिसली हे खरं, आणि ती का दिसली याचं कारण इजेच्या जागेत आहे. चाक दोन इंच पुढे लागलं असतं तर पोटाची भिंतही गेली असती आणि पहाटेची शे-दीडशे अंडीही आली नसती. आणखी पुढे, मानेत लागलं असतं तर पाय आखडले असते, अवस्कर आवळलं असतं, आणि खालचं वायरिंग मेंदूशिवाय काय करतं ते दिसलं असतं. प्रत्येक ठिकाणी वेगळंच प्रकरण झालं असतं.

आता तो नर

रात्रभर मी नराला दोष देत होतो, निदान मनातल्या मनात. इतका वेळ कोण धरून ठेवतं? त्याच्या रज्जूतली प्रतिक्षिप्त क्रिया, मोकळा सुटलेला लगाम, हे सगळं ठीक. पण प्रत्येक वर्षी हजारो नर याच क्रियेने धरतात आणि पहाटे सोडूनही देतात. त्यांना सोडायला कोण सांगतं?

अमेरिकेतल्या लेपर्ड फ्रॉगवर १९७० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत याचं उत्तर आहे. अंडी नसलेल्या मादीला धरलं की ती सोडवणुकीचा आवाज करते. तिच्या पोटात नुसतं पाणी भरून ते ताणलं, तर ती गप्प बसते. म्हणजे तिच्या शरीराला अंडी मोजता येत नाहीत, ताण तेवढा कळतो. पोट ताणलेलं आहे तोवर गप्प. अंडी घालून पोट बसलं की आवाज, आवाज झाला की नराचा हात सैल. व्हॅसोटोसिनही यात दुहेरी काम करतं, शरीरात पाणी धरून ठेवतं आणि मादीला गप्प ठेवतं.

आता आमच्या टबाकडे परत बघा. अंड्यांच्या पिशव्या तुंबलेल्या. त्यावर भरलेलं मूत्राशय. पोट रिकामं होण्याची एकमेव वाट चाकाखाली मेलेली. पोटाचा ताण वर कळवणारे तंतू मात्र मधल्या जोड्यांतले, ते शाबूत असणार. तिच्या मेंदूला रात्रभर एकच निरोप मिळत राहिला: अजून भरलेली आहेस. म्हणून ती गप्प राहिली, आणि ती गप्प म्हणून तो धरून राहिला. त्याच्या मज्जारज्जूचं काही बिघडलं नव्हतं. तिच्या नवव्या मणक्याजवळ तुटलेल्या धाग्याने त्याच्या पुढच्या पायांना रात्रभर आवळून ठेवलं होतं.

डॉक्टरांना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले. "म्हणजे रात्रीच मूत्राशय रिकामं केलं असतं तर?"

हो. ते मला सुचायला हवं होतं. अवस्कर सैल आहे हे सव्वाबाराला कळलं होतं, मूत्राशय तुंबणार हे त्यातच होतं, आणि हलकेच पोट दाबून पाणी काढणं घरी जमण्यासारखं होतं. मोडलेला मणका त्याने जुळला नसता. पण नराचं ओझं रात्रीच उतरलं असतं, कदाचित अंडीही जास्त निघाली असती. मी दिवा घालवून झोपलो.

नराला डॉक्टरांनी रविवारी संध्याकाळी आमच्याच हाती परत दिलं, जिथून उचलला तिथेच सोडा म्हणाले. प्लॉटवरचं पाणी वीतभर खाली गेलं होतं, जत्रा संपली होती, काठाला चहाच्या कपांमध्ये अंड्यांचे सुकायला लागलेले तवंग. नर पाण्यात शिरला, थोडा वेळ डोळे वर ठेवून बसला आणि बुडाला. त्याचा पिवळा रंग तेव्हाच फिका पडायला लागला होता.

वळलेली सव्वीस अंडी विद्यार्थिनीने मातीच्या परळात ठेवली होती. सोमवारी रात्री तिचा फोटो आला: शेपट्या फुटलेले काळे ठिपके. मंगळवारी तीही त्याच प्लॉटच्या खोलगट भागात सोडून आली. "सर, तिथे आधीची मोठी पिल्लं आहेत, खातील ना यांना?" तिने विचारलं. बुलफ्रॉगची पिल्लं मांसाहारी, स्वतःच्या भावंडांनाही सोडत नाहीत.

"खातील काही," मी म्हटलं. "काठाच्या गवतात सोडलीस ना?"

"गवतातच."